एकशे एकोणऐंशी वस्तू

शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर तापमानाचा एक लहान फळा आहे. रोज सकाळी साडेसातला त्यावर त्या दिवसाचा आकडा लिहिला जातो. सव्वीस वर्षे तो एकाच माणसाने लिहिला आहे. हे गृहस्थ शिक्षक नाहीत; प्रयोगशाळेचे परिचर आहेत. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, सांडलेले आम्ल पुसणे हे त्यांचे काम. मुले त्यांना ओहोटीकाका म्हणतात, कारण भरती-ओहोटीचे कोष्टक कायम त्यांच्या खिशात असते आणि किनाऱ्यावर जायचा विषय निघाला की “आधी ओहोटी बघा” हे त्यांचे पहिले वाक्य ठरलेले.

सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसाच्या शब्दाला शाळेत वजन होते. एका वर्षी तापमापक फुटला. नवा येईपर्यंतचे तीन दिवस काकांनी फळ्यावर नुसती रेघ ओढली.

“अहो, लिहा की अठ्ठावीस-एकोणतीस काहीतरी,” मुख्याध्यापक म्हणाले. “कोण बघतंय?”

“कुणी बघत नाही म्हणूनच, सर.”

हा किस्सा पुढे शिक्षकांच्या खोलीत हसत हसत सांगितला जाई. पण हसणारेही काल किती तापले होते यावर वाद झाला की काकांनाच विचारायला येत.

याच माणसावर एक वेगळे काम येऊन पडले. आठवीच्या मुलांना दर वर्षी सागरी कचऱ्याचा अभ्यास करायला किनाऱ्यावर नेत. शंभर पावलांची पट्टी दोरीने आखायची, त्यातली प्रत्येक टाकाऊ वस्तू उचलायची, प्रकार लावायचे, मोजायचे. पूर्वी हे मासळीच्या धक्क्यामागे चाले, जिथे कचरा भरपूर होता आणि काकांचे घरही तिथून हाकेच्या अंतरावर होते. मग एका मुलाच्या पायात सुई घुसली, पालक चिडले आणि सहल विश्रामगृहासमोरच्या राखलेल्या किनाऱ्यावर गेली. तो किनारा सफाई कामगार पहाटेच झाडून काढत. पहिल्या वर्षी चाळीस मुलांनी दोन तास शोधून एक कंगवा आणला.

तेव्हा मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. काकांनी धक्क्यामागून दोनशे चाळीस निरुपद्रवी वस्तू गोळा केल्या: झाकणे, दोराचे तुकडे, चपलांचे पट्टे, जाळी तरंगती ठेवणारे प्लास्टिकचे गोळे, थर्माकोल. त्या जंतुनाशकात धुतल्या, वाळवल्या आणि सहलीच्या सकाळी वाळूत पसरल्या. मुलांनी उचलून मोजल्यावर त्याच पोत्यांत भरून परत आणायच्या, पुन्हा धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. दुसऱ्या कचऱ्यात मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या आतल्या बाजूला काकांनी लाल शाईचा बारीक ठिपका दिला. मुलांना सांगितले जाई की हे सगळे समुद्राने आणून टाकले आहे.

“आम्ही उचलायचं, तुम्ही टाकायचं,” झाडू खांद्यावर टाकत एक सफाई कामगार दर वर्षी म्हणे. “चालू द्या काका, दोघांचाही पगार निघतोय!”

काका हसत नसत. हे नऊ वर्षे चालले. कुणाचे नुकसान होत नव्हते, मुलांना वर्गीकरण येत होते, विज्ञानाच्या बाई मनापासून शिकवत होत्या. एखाद्या संस्थेत असत्य बहुधा असेच येते. सोयीच्या दारातून येते आणि स्वच्छ धुतलेले असते.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्या मोजणीचा तक्ता होता. दोनशे चाळीस, दोनशे एकोणचाळीस, पुन्हा दोनशे चाळीस. आठवीतली एक मुलगी, जिला वर्ग ‘शंका’ म्हणत असे, त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

“काका, समुद्र दर वर्षी एवढं मोजून कसं टाकतो?”

“समुद्रालाच विचार,” काका म्हणाले आणि नळाखालची धुतलेलीच बाटली पुन्हा धुऊ लागले.

त्या वर्षी सहलीला एक मोठे पाहुणे येणार होते. ओहोटी सात चाळीसला, मुलांनी आठला मोजणी सुरू करायची, असे काकांनी आठवडाभर आधी लिहून दिले होते. वस्तू ओल्या वाळूत हव्यात, तरच खऱ्या वाटतात, ही बाईंची सूचना. त्यांनी तशाच मांडल्या. पाहुणे दहाला आले. नऊपासूनच काका मुख्याध्यापकांच्या मागे उभे होते.

“सर, पाणी चढतंय. वस्तू वर सरकवून घेतो.”

“मुलं समोर बसलीत, काका! तुम्ही कचरा हलवताना दिसलात तर काय उत्तर देऊ?”

“मग मोजणी सुरू तरी करू या.”

“पाहुण्यांशिवाय? वेड लागलंय का तुम्हाला?”

पाहुण्यांचे भाषण पाऊण तास चालले. विषय होता समुद्राचे ऋण. काका मंडपाच्या कडेला उभे राहून पाहत होते. आधी थर्माकोल तरंगला, मग झाकणे, मग जाळ्यांचे गोळे. प्रत्येक लाट चार-दोन वस्तू उचलून परत जात होती.

मुलांनी मोजले तेव्हा एकशे एकोणऐंशी भरले. बाईंनी पुन्हा मोजायला घेतले. पण मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. “एकसष्टने घट! हे आपल्या जनजागृतीचं फळ!” मुलांनी आरोळी ठोकली. पाहुणे प्रसन्न झाले आणि काकांकडे वळले.

“तुम्ही तर रोज समुद्र बघता. पडलाय ना फरक?”

चाळीस मुले त्यांच्याकडे पाहत होती. काका सांगतील ते खरे, हे त्या चाळिसांनाही ठाऊक होते.

“हो,” काका म्हणाले. “कचरा कमी झालाय.”

घरी ते जेवले नाहीत.

“कुणी काही बोललं का?” बायकोने विचारले.

“नाही. मीच बोललो.”

त्या दिवसापासून शाळा सुटली की ते धक्क्यामागे जात, पाणी सोडून गेलेल्या रेषेवरून वाकून चालत आणि प्रत्येक झाकण उलटून पाहत. किनाऱ्यावरून वाहून गेलेले प्रवाह तिथेच आणून टाकतो, हे त्यांना ठाऊक होते; पण तिथे झाकणे हजारोंनी होती. पंधरा दिवसांत लाल ठिपक्याची चार सापडली. “आता म्हातारपणी शिंपले वेचताय होय!” जाळे विणणारा शेजारी ओरडे. काका हात वर करून पुढे जात.

सोळाव्या दिवशी शंका प्रयोगशाळेत आली. तिने टेबलावर एक हिरवे झाकण उलटे ठेवले.

“हे मला धक्क्यापाशी मिळालं. आत ठिपका आहे. सहलीला मी मोजली त्या झाकणांतही होता. मला वाटलं, कंपनीची खूण असेल. पण निळ्यातही होता, चपलेच्या पट्ट्यावरही होता.” तिने झाकण त्यांच्याकडे सरकवले. “काका, हे काय आहे?”

काकांनी हात पुसले. पोती ठेवलेले कपाट उघडून दाखवले आणि सगळे सांगितले: कंगवा, जंतुनाशक, नऊ वर्षे, पाहुणे, पाणी. स्वतःचे ‘हो’ही सांगितले.

“म्हणजे समुद्र साफ झाला नाही. आपणच त्यात एकसष्ट टाकल्या.”

“हो.”

“आणि तक्ता?”

“तक्त्याचं मी आज बाईंना सांगतो. आधीच सांगायला हवं होतं.”

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. झाकण मात्र परत घेऊन गेली.

काकांनी बाईंना सांगितले. बाईंनी खाली पाहत मुख्याध्यापकांना सांगितले. मोजणीचा अहवाल वरच्या कार्यालयात गेलेला होता; पाहुण्यांचे कौतुकाचे पत्र चौकटीत लागले होते. तक्ता तसाच राहिला. तो आजही भिंतीवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकांनी तापमापक पाहिला आणि फळ्यावर सत्तावीस लिहिले. वळले तेव्हा शंका मागे उभी होती. ती फळ्यापाशी थांबली नाही. तापमापकाजवळ गेली, टाचा उंचावून पाऱ्याच्या पातळीला डोळा लावला. तिच्यावर सावली पडत होती, म्हणून काका बाजूला सरकले.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. सांगावे लागले नव्हते.