हसू नकोस, फोटो काढायचा आहे

"हिच्यावर जरा सेंट मारा गं. माशांचा वास येतोय."

नृत्यसंस्थेच्या मॅडम हे माझ्यासमोरच बोलल्या. मेकअपच्या खोलीत. नाचणाऱ्या पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या. एकीनं बाटली उचलली आणि माझ्या मानेवर, केसांवर, ब्लाउजवर फवारली. डासांवर फवारतात तशी. पोरी हसल्या. मीपण हसले. अपमान झाला की हसायचं, हीच सवय होती तेव्हा.

मी ढिवराची पोर. पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढे आमचं गाव. माय-बाप तलावात मासे धरतात. मी बारावीत होते. नागपूरची एक संस्था भंडाऱ्यात येऊन गरीब मुलांना फुकट नाच शिकवायची. कंटेम्पररी आणि बॅले. मी एसटीनं जायचे. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "'मले' नाही म्हणायचं. 'मला' म्हणायचं." तेही शिकले. कारण नाच मला वेड्यासारखा आवडायचा. उडी मारली की वाटायचं, आता मला कोणी खाली बस म्हणू शकत नाही.

त्या हिवाळ्यात संस्थेनं मदतनिधीसाठी मोठा कार्यक्रम ठेवला. नागपूरचे डॉक्टर, व्यापारी, त्यांच्या बायका येणार. बॅनरवर लिहिलं होतं, 'तलावकाठच्या मुलांसाठी एक संध्याकाळ'. त्यात माझा एकटीचा नाच होता. मीच बसवलेला. बाबा जाळं फेकताना कंबर कशी वळते, माय चिखलात पाय कसा रोवते, त्यावरून.

सकाळी मॅडमचा फोन आला. "येताना घरचं जाळं आण. जुनं बघून आण." मला वाटलं, नाचात लागणार. मायही सोबत आली, ठेवणीतलं पातळ नेसून.

सेंट मारून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझा नाच रिया करेल. तिचं बॅले पक्कं आहे. तू मागे जाळं घेऊन उभी राहा. खरी वाटतेस."

रिया नागपूरची. फी भरून शिकणारी. तिची तालीम कधीच झाली होती. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पडदा उघडला. उजेड रियावर. माझी गिरकी तिच्या अंगात. मी मागे अंधारात, जाळं खांद्यावर. पाय जागच्या जागी माझाच ठेका धरत होते. खूप टाळ्या पडल्या. माय शेवटच्या रांगेत होती. तिनं टाळी वाजवली नाही.

मग निवेदिकेनं मला पुढे ओढलं. "ही आपली एक लाभार्थी." नाव नाही. प्रमुख पाहुण्यांनी बॅलेचे बूट माझ्या हातात ठेवले. बघूनच कळत होतं, माझ्या मापाचे नाहीत. कॅमेरा समोर आला. सवयीनं मी हसले. मॅडम कानाशी म्हणाल्या, "हसू नकोस. बिचारी दिसायला पाहिजेस."

बिचारी.

बूट मी पाहुण्यांना परत दिले. निवेदिकेच्या हातातला माइक घेतला. तोंडातून 'मले' निघालं. मी ते दुरुस्त केलं नाही.

"मी नाचायले आली होती. तुम्ही आता जो पाह्यला, तो नाच माहा आहे. मीनंच बसवला. अन् मले उभं करून ठेवलं. मी बिचारी नाही."

माइक कोणीतरी बंद केला. मी तशीच बोलत राहिले. आणि शेवटच्या रांगेतून माय ओरडली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी माय.

"चाल पोरी! काहून उभी आहेस तिथं? याइची भीक नाही पाह्यजे आपल्याले!"

दारापर्यंत मॅडम मागे आल्या. "तुला इथवर कोणी आणलं, विसरलीस?"

मी म्हणाले, "मी एसटीनं आली, मॅडम."

क्लास सुटला. गावातली माणसं म्हणाली, मोठ्या लोकांशी कायले भांडाचं? पण नाच मी सोडला नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे नाचले. आधी शिट्ट्या आल्या. मग लोक बघायला लागले. आज मी दिघोरी गावच्या समाजमंदिरात मुलींना शिकवते.

परवा त्याच संस्थेतून फोन आला. यंदाच्या कार्यक्रमात तुझी कहाणी सांग म्हणे. दोन मिनिटं. लोकांना प्रेरणा मिळते म्हणे.

मी म्हणाले, "कहाणी नाही. माझ्या मुली नाचतील, आपापल्या नावानं. जमत नसेल तर बॅनरवरून आमचा तलाव काढा."

त्यांनी फोन ठेवला. बॅनर लागलाय. तलाव आहेच त्यावर.

ठीक आहे. मग आम्ही जाणार. मी, माय आणि माझ्या सगळ्या मुली. तिकीट काढून, पुढच्या रांगेत बसणार. स्टेजवर एखाद्या पोरीला मुकी उभी करून लाभार्थी म्हटलं, की आम्ही उठणार. तिला तिचं नाव विचारणार. ती ते सांगेपर्यंत पुढचा नाच आम्ही सुरू होऊ देणार नाही.