कोमटरावांच्या झडपा

कोमटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या या माणसाला कुणी विचारलं, "गाडी तापलीय का हो?" की ते बॉनेट उघडायचे, रेडिएटरच्या डोक्यावर तळहात ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "छे! कोमट आहे." त्याच जागी गिऱ्हाइकानं बोट लावलं की बिचारा बोट तोंडात घालून नाचायचा. उकळत्या पाण्याचे चटके आणि डाख लावताना उडालेले वितळल्या धातूचे थेंब झेलून झेलून त्या हाताची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. चहाचं आधण ते फडक्याशिवाय उतरवायचे. बायको शेजारणींना सांगायची, "सांडशी विकत कशाला घ्यायची? मला लग्नातच मिळालीय." लोक हसायचे आणि कोमटरावही हसायचे, कारण आतून त्यांना त्या हाताचा भारी अभिमान होता.

तर अशा या माणसाची बायको आजारी पडली, आणि साध्या दुखण्यानं नव्हे. औषध शिरेतून चढवायचं होतं, आणि ते चढवणारं इस्पितळ माळापलीकडच्या मोठ्या गावात होतं. त्या औषधाची खोड अशी, की ते घेतलेल्या माणसाला थंडी सोसत नाही. गार वारा लागला की बोटांत, जबड्यात सुया टोचल्यासारखं होतं. आणि हिवाळ्यात त्या माळावर वाऱ्याशिवाय दुसरं काही राहतच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकही खेप चुकवायची नाही. आता हाती एवढंच औषध आहे."

कोमटरावांची गाडी म्हणजे त्यांच्याच वयाची म्हातारी. तिचा पंखा इंजिनाबरोबर सतत फिरायचा, समोरच्या जाळीतून माळावरचा वारा थेट रेडिएटरवर यायचा, आणि इस्पितळ येईपर्यंत इंजिन काही तापायचं नाही. इंजिन गार, तर हीटरही गारच. जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं थंड ठेवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत बायको मागच्या सीटवर दोन गोधड्यांत कण्हत पडायची. तिसऱ्या खेपेहून आल्यावर ती उंबऱ्यातच म्हणाली, "बास झालं. मरण परवडलं, पण हा प्रवास नको. पुढच्या वेळी मी येणार नाही." आणि ती बोलून मागे घेणाऱ्यांतली नव्हती.

बायकोचा भाऊ ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "दाजी, एवढं काय त्यात? जाळीपुढे पुठ्ठा बांधा. आम्ही सगळे तेच करतो."

"आणि चढावर इंजिन उकळलं म्हणजे? तिला माळावर उतरवून पुठ्ठा सोडत बसू?"

"मग काय जाळीला खिडक्या लावणार?"

"खिडक्याच लावतो," कोमटराव म्हणाले. मेव्हण्यानं कपाळाला हात लावला.

पण बोलल्याप्रमाणे त्यांनी केलं. जुन्या पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून झडपा केल्या. सायकलच्या चाकाचे आरे तोडून त्यांच्या बिजागऱ्या केल्या. सगळ्या झडपा एका दांडीला जोडल्या, त्या दांडीला सायकलच्या ब्रेकची तार, आणि तारेचं दुसरं टोक स्टिअरिंगपाशी एका मुठीला. मूठ ओढली की झडपा मिटतात, सोडली की उघडतात. स्प्रिंगही अशी बसवली, की तार तुटली तर झडपा उघड्याच राहाव्यात, म्हणजे इंजिन जळायला नको. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इंजिनाच्या बाबतीत कोमटराव ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

मग त्यांना वाटलं, ऊब पुढेच राहिली तर उपयोग काय? म्हणून हीटरपासून मागच्या सीटपर्यंत एक जाड नळी नेली आणि टोकाला पितळेचं रुंद तोंड बसवलं, नेमकं तिचे पाय येतील तिथे. बायको ओट्यावर बसून हे सगळं बघायची. एकदा ती आत जाताना एक चप्पल मागेच राहिली आणि ती तशीच एका पायानं अनवाणी आत गेली. "अगं, चप्पल!" कोमटराव हसून ओरडले, "भुलक्कड झालीस हं!" ती वळली, पायाकडे बघत राहिली, आणि तीही हसली.

गाडी चालू करून त्यांनी झडपा मिटल्या. तापमानाचा काटा वर चढला, आणि नळीच्या तोंडाशी त्यांनी तळहात धरला. डोळे मिटले. "कोमट," ते म्हणाले. म्हणून हीटर पूर्ण उघडला, त्याचा पंखा आणखी वाढवला आणि पुन्हा हात धरला. आता बरं वाटलं. बायकोला म्हणाले, "आता चल. चांगलं नाही वाटलं तर माझं नाव बदल." ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "येते."

त्या दिवशी माळावर बर्फासारखा वारा होता, आणि कोमटराव मात्र घोंगडी काढून सदऱ्यावर गाडी हाकत होते. सपाटीवर झडपा मिटायच्या, चढ आला की मूठ सोडायची, काटा मधोमध. इतकं नीट चाललेलं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दर थोड्या वेळानं ते आरशात बघायचे. "ऊब येतेय का गं?"

"येतेय की. छान आहे."

"पायांना?"

"पायांना पण."

हे ऐकून त्यांना शीळ घालावीशी वाटली, आणि त्यांनी घातलीही.

इस्पितळात नर्सनं बायकोचे मोजे काढले. उजव्या पायाचा मोजा काढताना तिचा हात थबकला. मोज्याबरोबर तळव्याची कातडी निघून आली होती. डाव्यावर मोठे फोड होते. पितळेच्या तोंडावर टेकवलेले पाय सगळा माळ ओलांडेपर्यंत भाजत होते, आणि ते जिचे होते तिला पत्ताच नव्हता.

"तळवे बधिर झालेत हे त्यांनी मला मागेच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "या औषधानं होतं तसं. तुम्हाला नाही सांगितलं?"

डॉक्टरांनी जखमा बघितल्या आणि मान हलवली. इतक्या जखमा असताना ते औषध देता येणार नाही, अंगात विष भिनेल. आधी जखमा भरू देत. पण आधीच्या औषधानं अंगाची ताकदच गेलेली, त्या भरतील की नाही सांगता येत नाही. "आणि तोवर?" कोमटरावांनी विचारलं. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि काढलं. थंडीतून वाचवायला गेले आणि बायकोला आगीतून फुफाट्यात घातलं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

पायांना पट्ट्या बांधल्यावर त्यांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. दार धरून उभे राहिले. "मी इतक्यांदा विचारलं. मग येतेय, येतेय कशाला म्हणालीस?"

"तुमचा चेहरा आरशात दिसत होता," ती म्हणाली. "इतके खूश तुम्हाला किती दिवसांनी बघितलं."

कोमटरावांनी नळी उपसून डिकीत टाकली. पुन्हा काही भाजायला नको म्हणून हीटरचा खटकाही बंद केला. माळावर आल्यावर मूठ पूर्ण सोडली. जाळीच्या झडपा खटकन उघडल्या आणि वारा आत शिरला. काचांवर दव गोठू लागलं. कोमटरावांची बोटं स्टिअरिंगवर आखडली, आणि या हाताला इतकी थंडी कळते हे त्यांना पहिल्यांदाच समजलं.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "अहो."

"काय गं?"

"ऊब छान आहे हो गाडीत."

त्यांनी वर बघितलं. आरशात ती त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होती, आणि तिचे दात वाजत होते.

"हो ना," कोमटराव म्हणाले, आणि हात वर करून त्यांनी आरसा दुसरीकडे फिरवला.