सकाळची नावं, दुपारची नावं

त्याला सगळे कप्तान म्हणायचे. कप्तान कसला, चार वर्षं एका अमेरिकन जहाजाच्या भटारखान्यात मैदा मळून आलेला माणूस! सुकाणू त्यानं लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण नाव पडलं ते पडलं.

बेकरी वडिलांची, त्यांच्यामागं दोघा भावांची. सकाळची पाळी दादाची, बारानंतरची कप्तानची. दारातल्या काळ्या पाटीवर खडूनं माल लिहायचा, आणि ज्याची पाळी त्यानंच लिहायचा, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. दादा एका इंग्रज हॉटेलवाल्याच्या हाताखाली तयार झालेला. त्यामुळे सकाळी पाटीवर बिस्किट, स्कोन, फेअरी केक, स्विस रोल. बारा वाजता कप्तान ओलं फडकं मारायचा आणि त्याच ट्रेमधल्या त्याच मालाची नावं अमेरिकन व्हायची: बिस्किटाची कुकी, स्कोन या छोट्या फुगीर पावाचं बिस्किट, फेअरी केकचा कपकेक, स्विस रोलचा जेली रोल. गिऱ्हाइकं हसायची. एक निवृत्त मास्तर तर छातीठोकपणे सांगायचे, की सकाळचा फेअरी केक दुपारच्या कपकेकपेक्षा गोड लागतो. घ्या!

हसत नव्हते ते दोघे भाऊ. जहाजावरून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात कप्ताननं भर दुकानात पाटी पुसली होती. दादा म्हणाला, "अरे, माझ्या बिस्किटाचं नाव काढून स्कोनला कसलं देतोस?" त्यावर हा शहाणा गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "दादाला काय कळतंय? भट्टीच्या पलीकडचं जग पाहिलंय का त्यानं कधी?"

दादानं जग पाहिलं नव्हतं, कारण धाकट्याला जाता यावं म्हणून तो भट्टीपाशी थांबला होता. हे कप्तानलाही ठाऊक होतं. जीभ चालून गेली, आणि मग अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. बारा वाजता एक मागच्या जिन्यानं वर घरात जायचा, दुसरा रस्ता ओलांडून दुकानात यायचा. माफी मागायला तोंड उघडेना. कप्ताननं मनाशी एक ठरवून ठेवलं होतं: दादानं एकदा, फक्त एकदा, पाटीवर 'कुकी' लिहावं, मी धावत वर जाईन आणि त्याचे पाय धरीन. रोज बारा वाजता आल्याआल्या तो आधी पाटी बघायचा. रोज बिस्किट. हाही मग दात-ओठ खात पुसायचा.

शेवटच्या वर्षी दादा आजारी पडला. सकाळची भट्टी एक कारागीर सांभाळू लागला. पाटीवरचं अक्षर मात्र दादाचंच, त्यामुळे कप्तानला वाटलं, इतकंही काही झालेलं नाही त्याला. मग एका दुपारी वरून वहिनीच्या रडण्याचा आवाज आला, आणि सगळंच राहून गेलं.

दुकान चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी कप्तान आला, पाटीकडे नजर गेली आणि तो दारातच थबकला. बिस्किट. स्कोन. फेअरी केक. तेच अक्षर, 'क'ची शेपटी तशीच लांबवलेली. त्यानं कारागिराला विचारलं. तो म्हणाला, "मी आत भट्टीपाशी असतो हो. मला वाटलं, तुम्हीच पहाटे लिहून जाता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. कप्तानचं जेवण तुटलं. फडकं हातात घेऊन तो पाटीपुढे उभा राहायचा आणि मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं वाटून मागे वळायचा. मेल्यावरही माझ्यावरचा राग जात नाही का रे दादा, असं तो एकदा मोठ्यानं म्हणाला. पाव घ्यायला आलेली बाई पाव न घेताच गेली.

आठव्या दिवशी तो सकाळी सहालाच येऊन मैद्याच्या पोत्यांमागे बसला. थोड्या वेळानं जिन्यावर चपला वाजल्या. फटक, फटक. दादाच्याच चपला! कप्तान पोत्यांआड आणखी खाली दबला. मग खडू पाटीवर घासल्याचा आवाज आला. त्यानं जीव मुठीत धरून डोकं वर काढलं.

वहिनी होती. पायात दादाच्या चपला, हातात खडू.

"वहिनी, तुम्ही?"

ती दचकली नाही. बहुधा या दिवसाची वाटच बघत होती.

"वर्ष होत आलं, मीच लिहितेय, भावजी. त्यांच्या हातात खडू धरवत नव्हता. अक्षर त्यांचंच गिरवायची, तुम्हाला कळू नये म्हणून."

"मग त्यानं शेवटपर्यंत बिस्किटच लिहायला सांगितलं?"

वहिनी खालच्या पायरीवर बसली.

"कुकी लिही म्हणायचे. खडू माझ्या हातात दिला त्या पहिल्या दिवसापासून. म्हणायचे, तो बघेल आणि वर येईल. मी नाही लिहिलं. भर दुकानात तुम्ही त्यांना काय बोललात, हे ते विसरले, मी नाही विसरले. रोज हो म्हणून खाली यायची आणि बिस्किट लिहायची."

"आणि त्याला काय सांगायचात?"

"जिना उतरवत नव्हता त्यांना. बारा वाजले की कान जिन्याकडे लावून बसायचे. मग विचारायचे, बघितलं का त्यानं? मी म्हणायची, बघितलं आणि पुसलं." तिनं पदरानं तोंड झाकलं. "म्हणायचे, असू दे, राग अजून गेला नसेल त्याचा. आता ते गेले तरी सकाळी खाली आले की वरून त्यांचीच हाक येते, लिहिलंस का? कुकी लिहायला जाते, हात चालत नाही. तुम्हाला बोलायचं ते बोला, भावजी. माझी ऐकायची तयारी आहे."

आत कारागीर ट्रे ओढत होता. पहिलं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि कप्तानला त्याच्याकडे बघायचंही सुचत नव्हतं.

"काय बोलू, वहिनी?" तो शेवटी म्हणाला. "तुम्ही त्याला खोटं कुठं सांगितलंत? रोज बघत मीच होतो, आणि पुसतही मीच होतो."