दीड वाजताचा उंचवटा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी लिहिण्याची सवय म्हणाल तर आईच्या सामानाच्या चिठ्ठ्यांपुरती. छापण्यासारखं आपल्याजवळ काही आहे, असं अजूनही वाटत नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून धीर केला.

शेवटच्या वर्षाला असताना इथे गुजरातेत, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात मला शिकाऊ म्हणून घेतलं. तिथले सर्व्हर एक मराठी बाई सांभाळायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो. त्या कंत्राटावर होत्या. बाहेर त्या सगळ्यांशी गुजरातीत बोलायच्या. सर्व्हरच्या खोलीत आम्ही दोघंच असलो की मराठीत.

"मशीन आपणहून बोलत नाही," त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "प्रोसेसर किती गुंतलाय, डिस्कसमोर किती कामं रांगेत आहेत, हे दर मिनिटाला विचारायचं आणि साठवायचं. मग काही बिघडलं की त्या साठ्याला प्रश्न विचारायचे. आकडा कुणाची भीड धरत नाही."

घरी बाबांना हे समजावून सांगितलं. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आहेत.

"म्हणजे नाडी बघतोस. आणि औषध कोण देतं?"

"ताई."

"मग तू नुसता काखेत थर्मामीटर लावणारा!" आई पोळी लाटता लाटता हसली.

त्या दिवसांत कारखान्यात एकच कटकट होती. सकाळी सातला पहिली पाळी सुरू झाली की माल पाठवणाऱ्या खात्याचे स्क्रीन अडकायचे. मालासोबतचं चलन निघायचं नाही, गेटवर ट्रक खोळंबायचे. ताई म्हणायच्या, डिस्कवर कसला तरी भार येतोय, शोधते. आमच्या विभागाचे साहेब म्हणायचे, बेनचं, म्हणजे ताईंचं, लक्ष नाही.

एका मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर साठवलेल्या माहितीतून सकाळी सातचे आकडे काढायला लावले. पडद्यावर सपाट रेघ आली.

"जुओ ने बेन, सात वाग्ये तो मशीन ऊंघे छे," साहेब म्हणाले. सात वाजता मशीन झोपलंय. कुणीतरी पुटपुटलं, "मशीन के बेन?" मशीन की बेन? सगळे हसले. मग साहेबांनी रात्रीची रेघ काढायला लावली आणि दीडच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "आ बॅकअप. ए तो बराबर छे." हा बॅकअप, रोज सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवतात तो; तो ठीकच आहे.

ताईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलावरचा छोटा पंखा पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "परीक्षा नीट दे हं."

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. कोयलीच्या बाजूच्या एका कंपनीत त्यांची मुलाखत झाली होती. काम याच जातीचं होतं, आणि कायमचं. "ते जुन्या ऑफिसात विचारणार आहेत," त्या म्हणाल्या. "स्क्रीन अजून अडकतात का रे?"

"रोज."

"मग एकदा नीट बघशील? साहेबांना दाखव. माझं कौतुक नको. पण माझ्यामुळे अडकत होतं, असं तरी त्यांनी सांगू नये."

दुसऱ्या दिवशी सातला मी स्वतः त्या खात्यात जाऊन उभा राहिलो. स्क्रीन गोठलेले मी डोळ्यांनी पाहिले. वर येऊन सातचे आकडे मागितले, तर तीच सपाट रेघ. म्हणून अख्खा दिवस मागवला. दिवसभरात उंचवटा एकच, रात्री दीडचा. स्क्रीन अडकतात तेही दिवसातून एकदाच. मग सर्व्हरचं घड्याळ पाहिलं.

ते लंडनच्या वेळेवर होतं. मशीन बसवणाऱ्यांनी तसंच ठेवलेलं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे दीड म्हणजे आपले सकाळचे सात. बॅकअप रात्री दीडला लावला होता, तो त्याच घड्याळाने रोज ऐन पाळीच्या तोंडावर सुरू व्हायचा. आणि मीटिंगमध्ये आम्ही सातचे म्हणून जे पाहिलं, ते आपले दुपारचे साडेबारा होते, जेवणाची सुट्टी.

ताईंच्या दिवसांचे आकडे काढायला गेलो, तर मिनिटामिनिटाचं काही उरलंच नव्हतं. जुनी माहिती जागा खाते, म्हणून यंत्रणा तिची दिवसाला एक सरासरी करून टाकते. त्या सरासरीत कुठलीच सकाळ वाईट नव्हती. मी आठवड्यातले ताजे आकडे घेतले, वेळा आपल्या करून कागदावर मांडल्या आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब समजूतदारपणे वागले, हे सांगायला हवं. त्याच दिवशी बॅकअपची वेळ बदलली. दुसऱ्या सकाळी स्क्रीन अडकले नाहीत.

"सर, ताईंबद्दल कोणी विचारलं तर..." मी अडखळत म्हणालो.

"हा हा, कहीश ने." सांगेन की.

मी लगेच ताईंना कळवलं. त्यांनी उत्तरात फक्त हात जोडल्याची खूण पाठवली. मग बरेच दिवस काही नाही. विचारावंसं वाटायचं, पण आपण मोठ्यांना काय विचारायचं, म्हणून राहून जायचं.

परीक्षा संपल्यावर त्यांचाच फोन आला. आधी पेपर कसे गेले ते विचारलं. घरचे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाल्या, "कोयलीचं नाही झालं रे. त्यांनी आपल्या ऑफिसात विचारलं होतं, तू साहेबांना कागद दाखवलास त्याच्या आदल्या दिवशी."