रंगीत टिपणं

मांडवीच्या वाचनालयात तो रोज खिडकीपाशी बसायचा. शर्टाच्या खिशात पाच रंगांची पेनं असायची. आम्ही दोघंही सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. टिपणं काढायला मला त्यानेच शिकवलं.

"सनावळी लाल, नावं हिरवी, कारणं निळी. डोळे मिटलेस की अख्खं पान दिसलं पाहिजे गो," असं सांगून तो स्वतःच डोळे मिटायचा आणि ओठ हलवत बसायचा.

त्याच्या रीतीने अभ्यास करून मी पास झाले. पेपरात आलेल्या यादीत त्याचं नाव याही वेळी नव्हतं, आणि पुढच्या परीक्षेला त्याचं वय बसत नव्हतं.

महिन्याभराने माझी ऑर्डर आली. पहिला पेढा त्याला द्यावा म्हणून वाचनालयात गेले. तो त्याच खुर्चीत बसून एका नव्या वहीत पट्टीने लाल रेघा मारत होता.

"आता कुठली परीक्षा, दादा?"

"कसली नाय गो." त्याने मान वर केली नाही. "आईला अजून सांगितलं नाय. रोज सकाळी डबा भरून हातात देते ती."

पेढ्यांचा पुडा मी पिशवीतून काढलाच नाही.