झोपलेल्या पायाचं माप

आमच्या गल्लीतले बूटवाले भाऊ सकाळी कुणाच्याही पायाचं माप घेत नाहीत. "दिवसभर वापरलेला पाय घेऊन या," म्हणतात. संध्याकाळी पाय जरा फुगतो. मग माणसाला कागदावर उभं करायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला लावायचा आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. आजोबांपासून चालत आलेला नियम. एक बडे साहेब सकाळी आले, तर भाऊंनी त्यांनाही परत पाठवलं.

लेकीचं लग्न दहा दिवसांवर आलं आणि भाऊंना एकदम सुचलं, की वहिनी व्याह्यांसमोर बाजारातल्या चपला घालून उभ्या राहिल्या तर आपलं नाकच कापलं जाईल. तीस वर्षांत बायकोसाठी एक जोड शिवायला सवड झाली नव्हती. आता गुपचूप शिवायचा ठरला. वहिनी पहाटे गाढ झोपेत असताना त्यांनी पांघरुणाबाहेर आलेलं पाऊल दोऱ्यानं मोजून घेतलं.

मऊ तांबूस कातडं, हाताचे बारीक टाके. लग्नाच्या तीन दिवस आधी भाऊंनी जोड वहिनींपुढे ठेवला. लग्नाच्या मदतीला आलेली मी तिथंच लसूण सोलत बसले होते. वहिनी हरखल्या. पाय घातला, पण टाच काही आत जाईना.

"माप कधी घेतलंत?"

"पहाटे. तू झोपली होतीस."

"वा! साहेबाला परत पाठवायचं आणि घरच्या बाईचं माप झोपेत! आता लग्नाच्या हॉलमध्ये मला आडवी करून ठेवा, म्हणजे बसेल बरोबर."

मला हसू आवरेना. भाऊंचं तोंड एवढंसं झालं.

"ओला करून लाकडी फर्म्यावर ताणतो."

"ताणून ताणून किती ताणाल? नवा करा."

"तीन दिवसांत? लग्नाची एवढी कामं..."

"ती मी बघते. आजवर कोण बघत होतं?"

संध्याकाळी वहिनी दुकानात कागदावर उभ्या राहिल्या. भाऊंची पेन्सिल करंगळीपाशी थांबली.

"हा घट्टा कधीचा?"

"धाकटा झाला तेव्हाचा."

"तो आता कॉलेजात आहे!"

"घट्टाही मोठा झालाय. तिथं जागा ठेवा. टाच बुटकी करा. आणि रंग काळा."

"काळा? तांबूस तुला खुलून दिसतो."

"गिऱ्हाईक मी आहे."

भाऊंनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, काळा.

लग्नात दुपारपर्यंत विहीणबाईंनी आपले जोडे काढून खुर्चीखाली सरकवले. वहिनी नव्या काळ्या जोडात शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभ्या होत्या, आणि काही काम नसतानाही हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आल्या.