बारावी गाय

थोरा स्कारला ऑर्विल ब्रेकीचा राग होता, आणि तो काही आजकालचा नव्हता. चाळीस साली हाच माणूस गावच्या शाळेत सभा भरवून टेबलावर मुठी आपटत होता. युरोपातल्या भांडणाशी आपलं देणंघेणं काय, परक्या राजांसाठी विस्कॉन्सिनची पोरं का मरावीत, असं विचारत होता. बोलून बोलून घसा सुकला की तो थोराला उभी करायचा. तिचा नवरा नेल्स मागच्या लढाईत फ्रान्सला गेला, विषारी धूर छातीत भरून परत आला आणि अठरा वर्षं खोकत खोकत मेला. थोरानं ते सांगितलं की बायका डोळे पुसायच्या आणि सरकारकडे धाडायच्या अर्जावर भराभर सह्या पडायच्या.

मग एक्केचाळीसच्या डिसेंबरात, रविवारची जेवणं होता होता, रेडिओवर पर्ल हार्बरची बातमी आली. सोमवारी ब्रेकीच्या पेंडीच्या दुकानावर भिंतभर झेंडा. माणूस बदलतो, बदलावंही. बाँब पडल्यावर थोराही गप्प झाली होती. पण ह्या बाबाला बदलायला एक रात्र पुरली. साखर, टायर, पेट्रोल, सगळं मापात आलं. चर्चमधली कॉफी एकाच चोथ्यावर दोनदोनदा उकळू लागली. तळणीतली उरलेली चरबीसुद्धा बायका डब्यात साठवून खाटकाकडे देऊ लागल्या. तिच्यापासून म्हणे दारूगोळा होतो. थोरानं नेल्सचा नांगर लढाईसाठी गोळा होणाऱ्या भंगारात दिला आणि तोंडातून ब्र काढला नाही. ब्रेकी मात्र कोणाच्या डब्यात चरबी कमी आहे ते दारोदार बघत हिंडायचा. पोरांपैकी लढाईवर कोणी जायचं हे ठरवणारं मंडळ गावातल्याच तिघा शेजाऱ्यांचं होतं. त्याच्या अध्यक्षाची जागा रिकामी झाली, तर तिथं जाऊन बसला कोण? हाच.

थोराचा एकुलता एक लायल वीस वर्षांचा होता. सैन्याला दूध लागतंच, म्हणून शेतावरच्या पोराला सूट मिळे, पण मोजून: त्याच्या हाताखाली बारा दुभत्या गाई हव्यात. थोराकडे नऊ होत्या. ती ब्रेकीकडे गेली आणि नवांवर भागव म्हणाली.

"नियम म्हणजे नियम, थोरा," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी वाकवला तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

जळणाची लाकडं ज्या मागच्या रानातून यायची, ते रानच थोरानं शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि बदल्यात तीन गाई आणल्या. त्यांतली बारावी डॅग्नी, डावा कान फाटलेली, एक नंबरची लाथाळ. लायलला सूट मिळाली.

पोराला विचारलं होतं का कोणी? नाही. आईला त्याचा जीव वाचवायचा होता, त्यापुढे तिला काही दिसत नव्हतं. लायल डेअरीवर कॅन पोचवायला जायचा तेव्हा रजेवर आलेली पोरं विचारायची, काय रे, गाईच्या शेपटीआड ऊब आहे ना? त्याच्या वर्गातला एकजण पॅसिफिकमध्ये जहाजासकट बुडाला. लायल जेवताना बोलेनासा झाला. एकदा स्वतःच मंडळाकडे गेला आणि मला घ्या म्हणाला. बारा गाई आहेत तोवर तुझी जागा गोठ्यात, असं सांगून त्याला परत धाडलं.

ऑगस्टात एके दिवशी थोरा सैनिकांसाठी जखमांच्या पट्ट्या गुंडाळायला चर्चमध्ये गेली होती. संध्याकाळी गोठ्यात येते तर डॅग्नीची जागा मोकळी. लायल दुसऱ्या गाईची धार काढत बसला होता.

"बाजारात विकली," तो मान वर न करता म्हणाला. "आता अकराच आहेत. मंडळात सांगून आलोय."

"कोणाला विचारून?"

"तू कोणाला विचारून आणली होतीस?"

थोरानं हातातली बादली भिंतीवर भिरकावली. तुझा बाप कसा मेला ते विसरलास का, म्हणून तिनं त्याला नाही नाही ते सुनावलं.

"बाबांचा खोकला मीही ऐकलाय, आई. पण इथं राहून मला मान वर करता येत नाही."

त्याला न्यायला बस आली तेव्हा ब्रेकीनं थांब्यावर भाषण ठोकलं. आपण आपलं सर्वस्व देशाला देतोय, म्हणाला. आपण! आयजीच्या जिवावर बायजी उदार. त्याचा स्वतःचा ड्वेन, लायलच्याच वयाचा, मागे उभा राहून टाळ्या पिटत होता. हा अजून इथं कसा, असं थोराच्या मनात आलं.

त्याचं उत्तर तिला पुढच्याच आठवड्यात मिळालं. संध्याकाळी घरी परतताना रस्त्याकडेच्या गोठ्यातून गाईचं केविलवाणं हंबरणं ऐकू आलं. हे शेत ब्रेकीनं नुकतंच घेतलं होतं. दुकानदाराला शेत कशाला, असं कोणी विचारलं नव्हतं. थोरा गाडी थांबवून आत गेली. समोर फाटक्या कानाची डॅग्नी, कास दगडासारखी तटतटलेली. शेजारी ड्वेन, लाथ खाऊन शेणात लडबडलेला. थोरानं रांगेतल्या गाई मोजल्या. बारा भरल्या.

ब्रेकी धावत आला. बाजारात आली म्हणून घेतली, कोणाची ते माहीत नव्हतं, असं काहीबाही पुटपुटू लागला.

"तुझ्या अकरा होत्या," थोरा म्हणाली. "बारावी माझ्या पोरानं दिली तुला. तो बसमध्ये चढताना त्याचा हात हातात घेऊन हसलास, मेल्या."

थोराच्या हाताला फावडं लागण्यासारखं होतं आणि तिला ते उचलावंसंही वाटलं. पण गाय कळवळत होती. तिनं ड्वेनला बखोट धरून स्टुलावर बसवलं, त्याची बोटं सडांवर ठेवली आणि वरून आपली दाबली.

"ओढू नकोस, दाब. रोज सकाळ-संध्याकाळ धार काढायची. कुचराई केलीस तर गाई आटतील, आणि त्या आटल्या की तुलाही नेतील. नीट शीक."

"थोरा, तुझे उपकार—" ब्रेकी म्हणाला.

"तू बोलू नकोस. पोर तुझं आहे, एवढ्यासाठी त्यानं मरायला नको."

ड्वेनला धार जमेपर्यंत ती तिथं उभी राहिली. मग घरी गेली. अकरा गाई खोळंबल्या होत्या, आणि काढणारी ती एकटी.